स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळाहून घरी कसं जायचं? (दोघे ज्येष्ठ, चार बॅगा, न्यायला कुणी नाही)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा काढायची पहिलीच वेळ. सुनेचं बाळंतपण आहे म्हणून मी आणि आमचे हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्टॉकहोमला निघालोय. मुंबई–दोहा–स्टॉकहोम, उतरायची वेळ दुपारची. मुलगा न्यायला येणार होता, पण नेमकं त्याच दिवशी त्याला ऑफिसच्या कामाने दुसऱ्या गावी जावं लागतंय आणि सुनेला या अवस्थेत विमानतळावर बोलवायचं नाही, हे आमचं ठरलंय.

मुलगा म्हणतो टॅक्सी करा. ह्यांचं म्हणणं, सांगलीहून मुंबईला आजवर कधी टॅक्सीने गेलो नाही, तिकडे जाऊन कशाला थाट. मी ६६, हे ७१. ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. मोठ्या चार बॅगा, हातातल्या दोन. इंग्रजी वाचते बरं, बोलताना अडखळते. नेटवर बघितलं तर कुणी म्हणतं १८ मिनिटं, कुणी म्हणतं सव्वा तास. एकाच विमानतळापासून एकाच गावाला एवढा फरक कसा पडतो?

उत्तरेचा वारा

काका, स्वागत. स्टॉकहोमात अकरा वर्षं झाली, त्यामुळे सांगतो.

आर्लांडा शहराच्या उत्तरेला सुमारे ४० किमी आहे. १८ मिनिटांवाली ती आर्लांडा एक्स्प्रेस. पिवळ्या तोंडाची गाडी, ताशी २०० किमीने पळते आणि मध्ये कुठेही न थांबता थेट सेंट्रल स्टेशनला नेऊन सोडते. दर दहा-पंधरा मिनिटांनी असते. तिकीट माणशी तीनशे क्रोनांच्या वर जातं, आधी काढलंत तर थोडं कमी. क्रोना म्हणजे साधारण नऊ-दहा रुपये, गुणाकार तुम्हीच करा. दुसरा मार्ग विमानतळाची बस, पाऊण तास लागतो आणि पैसे जवळपास निम्मे. तिसरी पेंडेलतोग म्हणजे इथली लोकल, चाळीसेक मिनिटं. आणि टॅक्सी, शहरात जायला सहाशे-सातशे क्रोना.

तुमच्या जागी माझे आईवडील असते तर डोळे मिटून एक्स्प्रेस. पाच नंबरच्या टर्मिनलमधून बाहेर आलात की लिफ्टने खाली, समोर गाडी उभी. फलाट आणि गाडीचा डबा एका पातळीत, बॅगा नुसत्या ढकलायच्या.

कृष्णाकाठ

काका नाही, काकू. आभारी आहे.

दमडीमोल

काकू, वाऱ्याचं ऐकू नका, त्याला कंपनी पैसे देते. ५८३ नंबरची बस टर्मिनलच्या बाहेरच लागते. ती मॅर्स्टा नावाच्या स्टेशनला जाते, वीसेक मिनिटं. तिथून लोकल. बस आणि लोकल दोन्हीला मिळून एसएलचं, म्हणजे इथल्या शहर वाहतुकीचं, एकच साधं तिकीट, ७५ मिनिटं चालतं, चाळीस-पंचेचाळीस क्रोना फक्त. सव्वा तासवाली गोष्ट हीच. मी सात वर्षं असाच येतोय-जातोय, एक्स्प्रेसमध्ये आजतागायत पाय ठेवलेला नाही.

एक गंमत लक्षात ठेवा. पाटीवर मॅर्स्टा लिहिलेलं असतं, पण गाडीतली बाई 'मॅश्ता' म्हणते. पहिल्यांदा मी उतरायचं सोडून मॅर्स्टा कधी येणार म्हणून बसून राहिलो होतो. ते शेवटचं स्टेशन होतं म्हणून वाचलो.

उत्तरेचा वारा

दमड्या, तू पाठीला एक सॅक लावून फिरतोस रे. ७१ वर्षांचा माणूस, दुखरा गुडघा, चार बॅगा, त्या बसमध्ये चढवायच्या, मॅर्स्टाला उतरवायच्या, फलाटावर न्यायच्या. दोघांचे मिळून सहाशे क्रोना वाचवायला तू एका गुडघ्याचा बळी देणार.

दमडीमोल

सहाशे क्रोनात डिंकाच्या लाडवांचं सगळं सामान येतं.

शेवंती_सोलापूर

विमानतळाखालीच लोकलचं स्टेशन आहे ना? मग मॅर्स्टापर्यंत बसने जायचा उपद्व्याप कशासाठी? आम्ही नुकतेच आलोय इकडे, नवऱ्याने पहिल्या दिवशी लोकलचं साधं तिकीट दाखवलं तर फाटकच उघडेना. मागे ही रांग लागली आणि आम्ही चोरी पकडल्यासारखे उभे.

जुना_खलाशी

त्या फाटकाचीच तर सगळी कथा आहे. थोडं लांबण लावतो.

आर्लांडाच्या पोटात एक नव्हे, तीन स्टेशनं आहेत. आर्लांडा दक्षिण आणि आर्लांडा उत्तर, ही दोन फक्त एक्स्प्रेसची. तिसरं आर्लांडा सेंट्रल, टर्मिनल ४ आणि ५ यांना जोडणाऱ्या स्कायसिटीच्या खाली. तिथे लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात. नव्वदच्या दशकात सरकारला रेल्वे तर हवी होती, पण सगळा पैसा तिजोरीतून घालायचा नव्हता. मग खाजगी गटाशी करार केला. त्यांनी मार्ग आणि स्टेशनं बांधायची, एक्स्प्रेस चालवायची आणि वसुली करायची. मालकी सरकारची, चालवण्याचा हक्क त्यांचा, तोही थेट २०५० पर्यंत. एक्स्प्रेस १९९९ मध्ये सुरू झाली. साधी लोकल तिथे यायला २०१२ चा डिसेंबर उजाडला.

या करारातच एक कलम आहे. दुसऱ्या कुणाच्याही गाडीने या स्टेशनात आलात-गेलात, तर जाण्यायेण्याचं शुल्क द्यायचं. आज ते दीडशे क्रोनांच्या आसपास आहे. म्हणजे लोकलचं तिकीट चाळीस-पंचेचाळीसचं आणि दारातून जायचे दीडशे. टोलनाकाच म्हणा, पायी चालणाऱ्यांचा. मॅर्स्टाच्या बसमध्ये जादू काही नाही. ती जमिनीवरून जाते, ते दार टाळते, एवढंच.

दमडीमोल

खलाशीबुवा, दंडवत. सात वर्षं पैसे वाचवतोय, पण कुणाचे ते आज कळलं.

ओस्लोचो_झील

आमच्याकडे ओस्लोक पण ह्याच नाटक आसा! गार्डरमोएन विमानतळाहून फ्लीतोगे ही विमानतळाची खास गाडी १९-२० मिनिटांत शहरात. आणि साधी सरकारी गाडी तेवीसेक मिनिटांत, जवळपास निम्म्या पैशात. दोन्ही त्याच रुळांवरून, त्याच बोगद्यातून. फरक तीन-चार मिनिटांचा. पण पाहुणो इलो की सगळीकडे खास गाडीचीच जाहिरात बघता आणि तिकडेच धावता. आमच्याकडे तुमच्यासारखा दाराचा टोल नाही म्हणून साधी गाडी खरंच स्वस्त पडते.

हेलसिंकी_पुणेरी

विमानतळ रेल्वेचा विषय निघालाच आहे तर आमचीही गोष्ट घ्या. हेलसिंकीला विमानतळाखालून जाणारा रेल्वेमार्ग २०१५ मध्ये सुरू झाला, पण व्हायला हवा होता त्याच्या आधी. उशीर का, तर विमानांवरचा बर्फ वितळवायला जे ग्लायकोल फवारतात, ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरत खडकातून बोगद्यात झिरपलं. ते खायला जीवाणू जमले, दुर्गंधी सुटली आणि वर त्यांच्यामुळे काँक्रीट झिजायची भीती. सगळा आराखडा बदलावा लागला. आता आय आणि पी अशा दोन गाड्या आहेत, एकाच वर्तुळावर उलटसुलट फिरतात. कुठल्याही गाडीत बसा, अर्ध्या तासात सेंट्रल स्टेशन. पहिल्यांदा येणारा मात्र उलट्या दिशेच्या गाडीत बसलो म्हणून हमखास घामाघूम होतो.

उत्तरेचा वारा

झील, पुणेरी, छान आहे सगळं, पण काकू स्टॉकहोमला चालल्यात.

मध्यरात्रीचा_सूर्य

टॅक्सीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्वीडनमध्ये १९९० मध्ये टॅक्सीचे दर मोकळे केले. म्हणजे कुणीही कितीही लावावा, फक्त आधी लिहून दाखवावा. मागच्या दाराच्या काचेवर पिवळी-पांढरी चिठ्ठी असते. त्यावर मोठ्या अक्षरात एक आकडा, १० किमी आणि १५ मिनिटांच्या प्रवासाचा तुलनेसाठी धरलेला दर. शेजारी-शेजारी उभ्या दोन टॅक्सींवर एकीला तीनशेच्या आसपास आणि दुसरीला त्याच्या दुप्पट, असंही असतं, आणि दोन्ही कायद्याने बरोबर.

माझ्या सासूबाई एकट्या आल्या होत्या. रांगेच्या बाहेर उभा असलेला एक सद्गृहस्थ हसून "मॅडम, टॅक्सी" म्हणाला आणि बॅग उचलून चालायला लागला. त्याही मागोमाग गेल्या. घरी पोचल्यावर मीटर बघून मला पायरीवर बसावं लागलं. म्हणून टॅक्सी करायचीच तर अधिकृत रांगेतून, नावाजलेल्या कंपनीची, आणि बसायच्या आधी 'फिक्स्ड प्राइस?' विचारायचं. एवढे दोन शब्द इंग्रजीत पुरेत.

शाळेची_घंटा

माझा एक मूर्खपणा नोंदवून ठेवते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. युरोपातल्या युरोपात स्वस्त तिकीट मिळालं म्हणून उड्या मारत काढलं, त्यावर 'स्टॉकहोम स्काव्हस्ता' लिहिलेलं. हे स्काव्हस्ता न्यूशॉपिंग गावाजवळ आहे, स्टॉकहोमपासून १०० किमी. रात्री अकराला उतरले. तिकिटात वाचलेले पैसे बसभाड्यात गेले आणि पहाटे घरी पोचले. काकूंचं तिकीट दोहावरून आहे म्हणजे आर्लांडाच, त्यांना काळजी नाही.

कृष्णाकाठ

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खलाशीबुवांची दाराची गोष्ट ऐकून हे म्हणाले, "म्हणजे कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनासारखं तिकडेही व्हायला पाहिजे."

पण माझी एक शंका आहे. तुम्ही सगळे सेंट्रल स्टेशनचं सांगताय. मुलाचं घर हेलेनेलुंड नावाच्या ठिकाणी आहे. ते सेंट्रल स्टेशनपासून जवळ आहे का?

उत्तरेचा वारा

काकू!!! हे आधी सांगायचं ना!

दमडीमोल

हाहाहा. वाऱ्या, तुझी एक्स्प्रेस गेली.

जुना_खलाशी

हेलेनेलुंड विमानतळ आणि शहर यांच्या मधेच येतं. आर्लांडा उत्तरेला, शहर दक्षिणेला आणि तुमचं घर वाटेवर. एक्स्प्रेसने गेलात तर हेलेनेलुंडला खिडकीतून हात करत पुढे जाल, सेंट्रलला उतरून लोकल पकडाल आणि पुन्हा उलटे उत्तरेला याल. शुद्ध द्राविडी प्राणायाम.

तुमच्यासाठी सरळ रस्ता असा. आर्लांडा सेंट्रलहून लोकल, लाइन ४०. वाटेत उपलांड्स वेस्बी, रोतेब्रो, नोरव्हीकेन, हेगव्हिक, सोलेनतूना आणि मग हेलेनेलुंड. अर्धा तासही लागत नाही, गाडी बदलायची नाही. दाराचे दीडशे द्यावे लागतील, तेवढे द्या. एकच सांभाळा, ही लाइन दोन्हीकडे जाते. एका बाजूला उप्साला, दुसऱ्या बाजूला सोदरतेल्ये. तुम्हाला सोदरतेल्येची पाटी असलेली गाडी पाहिजे. आणि त्याच स्टेशनात लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात, त्यांना हे तिकीट चालत नाही. लोकलच्या खुणेची गाडी आली तरच चढा. अर्ध्या तासाला एखादी असते, चुकली तर बाकावर बसा, घाई करू नका.

उत्तरेचा वारा

खलाशीबुवांना +१. माझा आधीचा सल्ला मागे. बदली टाळायची म्हणूनच मी एक्स्प्रेस म्हणत होतो आणि इथे लोकलनेच बदली टळतेय.

दमडीमोल

काकू, चार बॅगा घेऊन ५८३ ने जा असं आता मीही म्हणणार नाही. पण तुम्ही दोघंही ६५ च्या वर. एसएलमध्ये ६५ पूर्ण झालेल्यांना सवलतीचं तिकीट मिळतं, परदेशी असलात तरी. पासपोर्टवरची जन्मतारीख पुरते. मात्र फाटकावर नुसतं बँकेचं कार्ड टेकवलंत तर पूर्ण भाडं कापलं जातं, आणि एका कार्डावर एकच माणूस जातो. म्हणून खिडकीवर किंवा यंत्रावर दोन सवलतीची तिकिटं, आर्लांडाच्या शुल्कासकट, मागून घ्या.

शेवंती_सोलापूर

आणि मोबाइलच्या ॲपवर काढायच्या भानगडीत तिथे उभं राहून पडू नका. भारतातल्या कार्डाला ओटीपी लागतो, तो सांगलीच्या सिमवर येणार आणि रोमिंग नसेल तर येणारच नाही. आमचं अगदी हेच झालं. मुलाला आधी ठरवून ठेवायला सांगा किंवा फॉरेक्स कार्ड न्या. रोख पैशाचा इथे काही उपयोग नाही. बसमध्ये नोट दाखवली तर चालक असा बघतो जणू आपण कवड्या काढल्या.

पाळणाघर

काकू, बाळंतपणाला येताय तर सामानाचं बोलू. आठ वर्षांपूर्वी माझी आई आली तेव्हा कस्टमने तिची बॅग उघडली होती.

युरोपीय संघाच्या बाहेरून मांस आणि दूधदुभतं आणता येत नाही. त्यात तूप, पेढे, खवा, पनीर सगळं आलं. आईचं साजूक तूप दोन किलो, बरणीला फडकं गुंडाळून, त्यावर सुतळी, त्यावर पुन्हा पिशवी. त्या अधिकारी बाईने एकेक वेढा शांतपणे सोडवला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, वास फार छान आहे, पण ठेवून घ्यावं लागेल. आई त्या बरणीकडे बघत राहिली, आणि मी काचेच्या पलीकडून आईकडे.

ताजी फळं, भाज्या, रोपं यांनाही प्रमाणपत्र लागतं. म्हणजे हापूसची पेटी विसरा, कढीपत्ताही नको. नारळ मात्र चालतो! अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना सूट आहे. ओटीभरणाचा प्रश्न सुटला.

डिंक, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, हळीव, मेतकूट, मसाले हे सगळं कोरडं, बंद पाकिटात आणा. लाडू इथे येऊन वळा. इथलं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर कढवलं की झकास तूप होतं. पाकिटावर 'ओसाल्तात' लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर खारट लोण्याचं तूप करून बसाल. मी केलंय.

कृष्णाकाठ

तुपाचं वाचून पोटात खड्डा पडला. मी तर कढवून ठेवलं होतं. बरं झालं विचारलं. हळीव घेते.

इमिग्रेशन कुठे होतं ते कुणी सांगाल का? दोहात की तिथे?

उत्तरेचा वारा

दोहाहून येताय म्हणजे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) पहिला पाय आर्लांडातच पडणार, म्हणून तिथेच. फ्रँकफर्टमार्गे आला असतात तर फ्रँकफर्टला झालं असतं. ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत आलीय, बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करतात, शिक्का मारायची जुनी रीत त्यामुळे संपत आलीय. पहिल्या खेपेला थोडा वेळ जातो. हातात परतीचं तिकीट, प्रवास-विमा आणि मुलाचं निमंत्रणपत्र छापील ठेवा, फोनमध्ये शोधत बसू नका.

आणि काकांसाठी व्हीलचेअर मागून घ्या. किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवायचं, पैसे लागत नाहीत. चालता येतं म्हणून लाजू नका, त्या रांगेत अर्धा-पाऊण तास उभं राहणं गुडघ्याला झेपायचं नाही.

कृष्णाकाठ

व्हीलचेअरला हे तयार नाहीत. "मला काय झालंय?" चालू आहे. बघते.

मध्यरात्रीचा_सूर्य

अवांतर: काकू, मुलगा किस्ताला कामाला आहे का? हेलेनेलुंडला राहणारे बरेच आपले लोक तिथेच असतात. तर त्या जागेचा उच्चार 'शीस्ता' आहे. मी वर्षभर किस्ता-किस्ता म्हणत होतो, कुणी सुधारलंही नाही. स्वीडिश माणूस चूक दाखवत नाही, नुसता मान हलवतो.

कृष्णाकाठ

(बावीस दिवसांनी)

मंडळी, पोचलो. लिहायला उशीर झाला कारण पोचल्याच्या चौथ्या दिवशी नात झाली. दोघी छान आहेत.

आता वृत्तांत. व्हीलचेअर मी ह्यांना न सांगता मागवली होती. दोहात समोर आली तेव्हा हे माझ्याकडे असे बघायला लागले की विचारू नका. पण आर्लांडाला इमिग्रेशनच्या रांगेला वळसा घालून जेव्हा पुढे नेलं, तेव्हा खुर्चीतून मागे वळून मलाच म्हणाले, "चल लवकर." ठसे घेताना माझी बोटं उमटेनात, भांडी घासून रेषा गेल्यात. त्या मुलाने ओला रुमाल दिला, तिसऱ्यांदा उमटले.

नारळ दोन होते. कस्टममध्ये कुणी विचारलंही नाही. मीच आपली "कोकोनट, कोकोनट" म्हणत पिशवी दाखवायला गेले, तर त्या बाईने हात हलवून जा म्हटलं.

स्कायसिटीतून खाली जायला सरकता जिना आणि लिफ्ट दोन्ही आहेत, ट्रॉली घेऊन आम्ही लिफ्टने गेलो. खिडकीवरच्या मुलीला मी कागद दाखवला. त्यावर खलाशीबुवांचं सगळं इंग्रजीत लिहून नेलं होतं, दोन ज्येष्ठ, हेलेनेलुंड, आर्लांडाच्या शुल्कासकट. तिने वाचलं, हसली आणि तिकिटं दिली. फाटकापाशी हे थांबले. काचेची दारं उघडली तरी पुढे जाईनात. म्हटलं काय झालं, तर म्हणतात, "दीडशे क्रोना दिलेत, जरा बघू तरी दे दार." मागचा उंच माणूस बिचारा गप्प उभा.

खाली फलाट खडकातच कोरलेला आहे, जूनमध्येसुद्धा गारवा. पहिली गाडी उप्सालाची आली. हे चढायला निघाले होते, मी दंड धरून ओढलं. पुढची सोदरतेल्येची. बॅगा चढवायला एका मुलाने न सांगता मदत केली आणि काही न बोलता लांब जाऊन बसला. हेलेनेलुंडला सून पोट सांभाळत फलाटावर उभी होती. येऊ नको म्हणून बजावलं होतं तरी.

एक विचारायचं राहिलं. परतीच्या वेळी बॅगा जवळजवळ रिकाम्या असतील. ह्यांनी आतापासूनच धोशा लावलाय की जाताना त्या दाराला पैसे द्यायचे नाहीत, मॅर्स्टाहून बसनेच जायचं. दमडीमोल, ती ५८३ मॅर्स्टा स्टेशनच्या नेमक्या कुठल्या बाजूने सुटते? फार चालावं लागतं का?

दमडीमोल

काकू, अभिनंदन! नातीला आशीर्वाद. चालावं लागत नाही, स्टेशनला लागूनच बसथांबे आहेत. तारीख कळवा, मी मॅर्स्टाला येऊन उभा राहतो. काकांना मला भेटायचंच आहे.